मागे मागे जाणारी बाई

घोळकाका सहसा कशाला नाही म्हणत नसत. चहा दोनदा विचारला तर दोनदा घेत, आणि कुणी आपला सिनेमा दाखवून मत विचारलं तर ‘छान जमलंय’ म्हणून मोकळे होत. त्यामुळे त्या दिवशी स्टुडिओच्या ट्रायल रूममध्ये, म्हणजे सिनेमे लावून बघायच्या खोलीत, काठी आपटून ते म्हणाले, “त्या रिळाला कुणीही हात लावायचा नाही,” तेव्हा थोरलीला आधी वाटलं, काकांच्या कानातलं यंत्र बिघडलंय आणि ते भलत्याच कशाबद्दल तरी बोलतायत.

पण यंत्र ठणठणीत होतं. बिघडलं होतं ते बाकीच्यांचं ठरलेलं सगळं.

ठरलं होतं ते असं. बाबांचा पहिला सिनेमा, ज्याच्यावर हे घर उभं राहिलं, तो पुन्हा थिएटरात लागणार होता. अडुसष्ट वर्षांनी. संध्याकाळी पाचपर्यंत वितरकाला कळवायचं होतं, की त्यातलं भूत जसंच्या तसं ठेवायचं, की आजच्या लोकांना चालेल असं नवं करायचं. एवढ्यासाठी चौघं जमले होते. सत्तरी गाठलेली थोरली, जिनं चाळीस वर्षं घरातला प्रत्येक सिनेमा कापला आणि जोडला. तिचा सावत्र भाऊ धाकटा, जो चौसष्टाव्या वर्षीही धाकटाच होता. धाकट्याची मुलगी, म्हणजे थोरलीची भाची, जिनं जुनं रीळ कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. आणि बाबांचे धाकटे भाऊ घोळकाका, ज्यांना बोलावलं होतं ते केवळ मान म्हणून. त्यांनी बोलावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

बावीस खुर्च्यांची खोली. रेक्झिन फाटलेलं, पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांना हात नाहीत. भिंतीला लागून थोरलीचं जुनं एडिटिंग टेबल, आणि त्याच्या वर फळीवर कापडाची एक बाहुली. डोळे पुसट झालेले, वेणी मात्र शाबूत, आणि वेणीला लाल दोरा. ही बाहुली थोरलीच्या आईनं शिवलेली. आई गेली तेव्हा थोरली दीड वर्षाची होती. मागे राहिलेल्या वस्तूंत ही बाहुली आणि लग्नातला एक सगळ्यांचा एकत्र फोटो. त्या फोटोत सगळ्यांचे चेहरे स्वच्छ आहेत, आईनं मात्र नेमक्या क्षणी मान वळवली, म्हणून तिच्या जागी नुसता धूर दिसतो. सिनेमावाल्यांच्या घरात जन्मून थोरलीनं हजारो अनोळखी चेहरे पुढेमागे करून पाहिले, आणि आपल्या आईचा चेहरा कसा होता हे तिला माहीत नव्हतं. त्याची खंत कमी होईल असं तिला तिशीत वाटलं होतं, पन्नाशीत वाटलं होतं. ती झाली नाही.

“काका, हात लावायचा नाही म्हणजे काय?” धाकट्यानं विचारलं. “भूत बदलायचं नाही?”

“बदलायचं नाही.”

“मग मी म्हणते तेच झालं,” भाची खूश होऊन म्हणाली. “आहे तेच ठेवू. मी फक्त साफ करते.”

“साफही करायचं नाही.”

आता मात्र दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. सकाळपासून बापलेकीची जुंपली होती, आणि काका कुठल्या बाजूला आहेत हे दोघांनाही कळेना. थोरलीला कळायचा प्रश्नच नव्हता. ती अजून कुठल्याच बाजूला गेली नव्हती, आणि तिच्या मताशिवाय काही होणार नव्हतं. बाबांनी घालून दिलेला नियम होता तो. कॅमेरा कुणीही चालवो, सिनेमा कुणीही काढो, शेवटचं मत संकलकाचं.

धाकट्याचं म्हणणं साधं होतं. आजची पोरं ते भूत बघून हसतील. जिन्यावर एक फिकट, आरपार दिसणारी बाई येते, वाकून दोन्ही हातांनी बोलावते आणि मागे मागे जाते. बस्स. एवढ्यावर त्या काळी थिएटरात लोक बेशुद्ध पडत, हे आता कुणाला सांगूनही पटायचं नाही.

“तुझ्या मालिकेतलं भूत बघून कोण बेशुद्ध पडलं?” थोरलीनं विचारलं.

हा विषय निघाला की या घरात तास दीड तास सहज जाई, तसा आजही गेला. कारण इथे प्रत्येकाचं आपापलं भूत होतं. बाबांच्या आरपार बाईनंतर वीसेक वर्षांनी काकांनी तीच गोष्ट रंगीत काढली. लोकांना आता नुसती सावली पुरत नव्हती, चेहरा हवा होता. म्हणून काकांनी रबराचा मुखवटा केला, लांब नखं लावली, लाल दिवे लावले आणि इतका धूर सोडला की नायिका किंचाळायच्या ऐवजी खोकली. तिचा तो खोकला तसाच ठेवून थोरलीनं प्रसंग जुळवला होता, आणि तो गाजला होता. पुढे घरोघरी टीव्ही आले. धाकट्यानं भुताला मालिकेत आणलं. तिथे भूत बोलायला लागलं, रडायला लागलं, त्याला सासू मिळाली, मागच्या जन्मीचा नवरा मिळाला. तीनशे भागांनंतर प्रेक्षक त्या भुताला घाबरणं सोडून त्याची काळजी करायला लागले. मग कॉम्प्युटर आला, आणि धाकट्यानंच एक भूत असं केलं की त्याची मान गरगर फिरायची. त्याला लोक हसले. ते दुःख त्याच्या मनात अजून ताजं होतं. आणि दोन वर्षांपूर्वी भाचीनं जो सिनेमा काढला त्यात भूत दिसतच नाही. एक रिकामी खुर्ची दिसते आणि ती कुणी तरी नुकतंच उठून गेल्यासारखी करकरते. त्या खुर्चीनं लोकांची पाचावर धारण बसवली.

थोरलीनं या सगळ्याचा स्वतःपुरता हिशेब ठेवला होता, घड्याळाचा. बाबांच्या सिनेमात भूत पहिल्यांदा दिसतं बावन्नाव्या मिनिटाला. काकांच्या सिनेमात विसाव्या. धाकट्याच्या मालिकेत नावं यायच्या आधीच. आणि भाचीच्या सिनेमात कधीच नाही. म्हणजे भूत आधी पुढे पुढे येत गेलं आणि मग एकदम निघून गेलं. असं का झालं असेल, याचं तिला नेहमी कुतूहल वाटे. लोक बदलले, की भीती बदलली, की फक्त कॅमेरे बदलले?

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी सांभाळली होती. भूत चाल करून येत नाही, ते बोलावत मागे जातं. तसं भूत आधी कुणी दाखवलंच नव्हतं. जगात सगळी भुतं अंगावर येतात, यांचं मागे सरकतं. तीच घराची खूण झाली. काकांचं रबरी भूत मागे गेलं, मालिकेतलं रडत रडत मागे गेलं, आणि भाचीची खुर्चीसुद्धा शेवटी वीतभर मागे सरकते. बाबांना हे सुचलं कसं, असं लोक विचारत. घरचे हसून सांगत, की सुचलं कुठलं, काकांनी घोळ घातला म्हणून झालं.

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. चित्रण झालेल्या रिळाच्या डब्याला लाल दोरा बांधायचा, अशी स्टुडिओची पद्धत. दोरा नसेल तर रीळ कोरं. एकोणीस वर्षांच्या काकांनी दोरा न बघता एक चित्रित रीळ पुन्हा कॅमेऱ्यात चढवलं. त्यावर काळ्या पडद्यासमोर घेतलेली कुणा नाचणाऱ्या बाईची चाचणी होती. त्याच्यावरच बाबांनी रिकाम्या जिन्याचा प्रसंग घेतला. फिल्म धुऊन आली तेव्हा जिन्यावर भूत होतं. बाबांनी सगळी गोष्ट त्या भुताभोवती पुन्हा लिहिली, आणि काकांना तेव्हापासून घोळकाका हे नाव पडलं ते पडलंच. आता त्यांचं खरं नाव पोस्टमनलासुद्धा आठवत नसेल.

“आत्या,” भाची म्हणाली, “वाद जाऊ दे. मला एक विचारायचंय. तू तो शॉट नीट बघितलायस का?”

धाकटा हसला. घरातला जुना विनोद होता तो. पाच वर्षांची असताना थोरली त्या प्रसंगाला थिएटरातून रडत पळाली होती. पुढे तिनं आयुष्यभर भुतं कापली, पण तो एक शॉट आला की डोळे मिटून घेई. मुखवट्यांना, रक्ताला, फिरणाऱ्या मानांना ती कधी भ्याली नाही. त्या बाईच्या हातांना मात्र भ्यायची. जमिनीत ओढून नेईल असे ते खाली खाली बोलावणारे हात.

“नाही बघितला,” ती म्हणाली. “का?”

“ती बाई कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. ती खाली बघतेय. इथे,” भाचीनं आपल्या गुडघ्याजवळ हात धरला. “एवढ्या उंचीवर कोण असेल?”

काका उठायला लागले. आपल्याला बरं वाटत नाहीये, आपण घरी जातो, असं काहीसं ते म्हणाले. पण ते निघाले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून उभेच राहिले.

भाचीनं सांगितलं, की भूत यायच्या आधी तो जिना काही क्षण नुसता रिकामा दिसतो. तेवढा जिना कॉम्प्युटरला ओळखायला दिला, तर पुढच्या चित्रांतून तो जिना काढून टाकता येतो. तिनं तसा काढला होता. डाग कुठे आहेत ते कळावं म्हणून. मागे उरली ती नुसती बाई.

“लाव,” थोरली म्हणाली.

“ताई, राहू दे,” काका म्हणाले.

काका तिला लाडानं ताई म्हणत, पण इतक्या अजिजीनं कधी म्हटलं नव्हतं. त्या आवाजानंच तिचं नक्की झालं. चाळीस वर्षांत तिला एक कळलं होतं, माणूस जिथे कापू नको म्हणतो तिथेच काही तरी असतं. तिनं चष्मा पुसला, खुर्चीचा हात घट्ट धरला आणि डोळे उघडे ठेवले.

काळ्या पडद्यासमोर एक तरुण बाई. पंचविशीसुद्धा नसेल. अंबाडा सुटत आलेला, बाह्या वर सारलेल्या. ती वाकलीय, दोन्ही हात पुढे केलेत आणि बोटांनी बोलावतेय. एक पाऊल मागे जाते, थांबते. पुन्हा बोलावते, पुन्हा एक पाऊल मागे. चेहरा अजून पुसट होता, पण तो भयंकर नव्हता. ती हसत होती. ओठ हलत होते. खांद्यावर एक पांढरं कापड होतं, ज्याला समीक्षकांनी अडुसष्ट वर्षं कफन म्हटलं होतं.

थोरलीनं तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा तिनं फक्त ते कापड बघितलं. त्याला चारी बाजूंनी झालर होती आणि एका कोपऱ्यावर दुधाचा असावा तसा डाग होता.

“हे दुपटं आहे,” ती म्हणाली.

ती काकांकडे वळली.

“काका, त्या नाचणाऱ्या बाईला मूल होतं का?”

काका खाली बसले. धाकट्यानं पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. “नाचणारी कुणी नव्हतीच,” ते म्हणाले. “दादानं नवी लेन्स आणली होती. ती तपासायला वहिनीला उभी केली. तू तेव्हा नुकती पावलं टाकायला लागली होतीस. तू कॅमेऱ्याच्या पायाला धरून उभी होतीस, आणि सोडायला तयार नव्हतीस.”

थोरलीला रडू आलं नाही. तिला आधी नुसतं आश्चर्य वाटलं, की जगभर लोक ज्याला घाबरले ते हे होतं. एक आई मुलीला म्हणत होती, ये, सोड ते, चालत ये. आणि ती मुलगी पुढे सत्तर वर्षं डोळे मिटून बसली होती.

काकांनी उरलेलं सांगितलं ते तुटक तुटक. एका रिळासाठी त्या काळी फिल्म धुवायला टाकत नसत, चार डबे जमले की टाकत. डबे जमायच्या आत वहिनी तापानं गेल्या. मग तो एक डबा धुवायला टाकायचं दादाला धाडस होईना. वर्षभर फळीवर होता. आणि मग एक दिवस जिन्याचा प्रसंग त्याच्यावर घेतला गेला. दादा अंधाऱ्या खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. बायकोचं असं एकच चित्र, आणि त्याच्यावर जिना.

“आणि तुम्ही दोरा न बघता चढवलंत,” धाकटा म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून गोष्टीचा शेवट निघून गेला.

थोरलीनं मात्र मान वर केली. काकांनी हाताळलेले हजारो डबे तिच्या टेबलावरून गेले होते. एकाही डब्याला दोऱ्याची एक गाठ कमी नसायची. दोन म्हणजे दोनच. असा माणूस नेमका त्या एका डब्याला चुकला, यावर आपण सगळ्यांनी इतकी वर्षं विश्वास कसा ठेवला?

“काका, दोरा होता त्या डब्याला?”

“जुनं झालं ते.”

“होता की नव्हता?”

“दादानं स्वतः बांधला होता,” काका म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, तिच्या डोक्यावरून मागे फळीकडे बघितलं. “तुला लाल रंग फार आवडायचा.”

थोरलीला मागे वळून बघायची गरज नव्हती. बाहुलीची वेणी तिला डोळे मिटूनसुद्धा ओळखता आली असती. दोन वर्षांची ती फळीखाली बसून आईच्या बाहुलीची वेणी घालतेय, आणि वेणीला बांधायला काही तरी शोधतेय, हे तिला आठवत नव्हतं. पण दिसलं.

“म्हणजे मी पुसलं तिला.”

“हेच,” काका एकदम चिडून म्हणाले. “नेमकं हेच तू म्हणशील म्हणून दादाला भीती होती. पोरीला कधी कळता कामा नये, असं म्हणाला तो. पण युनिटमधले विचारणार, कुणी केलं? कुणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, माझं घ्या. मला काय, एकोणीस वर्षांचा होतो, मला वाटलं, आठ दिवसांत विसरतील.”

थोरली त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसाला तिनं स्वतः किती वेळा चिडवलं होतं. पोट धरून हसली होती. तिच्या लग्नात तर सासरच्यांना ओळख करून देताना ती म्हणाली होती, यांच्या हातात काही देऊ नका. तेव्हाही हा माणूस सगळ्यांबरोबर हसला होता. आता तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

काकांना रडणारी माणसं बघवत नसत. ते घाईघाईनं आपली पिशवी उपसायला लागले. औषधं निघाली, छत्री निघाली, शेवटी एक चपटा गंजलेला डबा निघाला. वीस फूट आहे, ते म्हणाले. म्हणजे तेरा सेकंदं. दादानं शॉटचं शेपूट कापलं होतं, कारण ते ठेवलं असतं तर भूत भूत राहिलं नसतं. ते दादानं जाळायला दिलं होतं, आणि आपण आयुष्यात दादाची एकच आज्ञा मोडली. आज सकाळी हे लोक बाई बदलणार की धुऊन काढणार, हे ऐकलं तेव्हा येताना बरोबर घेतलं. द्यायचं की नाही ते ठरलं नव्हतं.

“दोरा बांधला नाही त्याला,” ते म्हणाले. “दोरा तुझ्याकडे होता.”

भाची पुढे झाली, जुनी फिल्म आहे, आक्रसलेली असेल, आधी आपण तपासू, असं म्हणत. थोरलीनं तिला हातानंच थांबवलं. तिनं टेबलाचा दिवा लावला, फीत नाकाजवळ नेऊन वास घेतला, कडा बोटांवरून सरकवल्या, आणि स्वतःच्या हातानं चक्रावर चढवली. यंत्र चालू केलं नाही. चक्र हातानं फिरवलं, हळू, आपल्याला हव्या त्या गतीनं.

छोट्या काचेत जिना दिसला, आणि जिन्यावर ती. वाकलेली, बोलावणारी. एक पाऊल मागे. आणखी एक. मग चौकटीच्या खालच्या कडेला एक काळा ठिपका आला, तो वर आला, आणि ते एक डोकं झालं. विरळ केसांचं, डुगडुगणारं, दोन्ही हात हवेत धरलेलं. त्यानं कॅमेऱ्याचा पाय सोडला होता. दोन पावलं टाकली. तिसऱ्याला तोल गेला, तसं त्या बाईनं त्याला वरच्यावर उचललं, कडेवर घेतलं, आणि ती वळली. वळली ती नेमकी जिन्यावरच्या खिडकीचा उजेड संपून मागे नुसती काळोखी भिंत होती तिथे. चेहरा स्वच्छ होता. थोरलीनं चक्र थांबवलं.

नाक थोडं बसकं. डावी भुवई उजवीपेक्षा वर. दात किंचित पुढे, म्हणून हसताना तिनं वरचा ओठ आवळून धरलेला. हुबेहूब थोरलीचा नव्हे, आणखी कुणासारखाही नव्हे. तिचा स्वतःचा. थोरलीनं बराच वेळ चक्र हलवलं नाही. मग तिनं शेवटची दोन सेकंदं फिरवली. त्यात ती बाई कडेवरच्या मुलीला घेऊन सरळ कॅमेऱ्याकडे चालत येते, अगदी जवळ, आणि फीत संपते.

“हे सिनेमात घालू या,” भाची म्हणाली. “शेवटी. आत्या, लोक वेडे होतील.”

धाकट्यानंही मान डोलावली. सकाळपासून पहिल्यांदा बापलेकीचं एकमत झालं होतं.

“नाही,” थोरली म्हणाली. “सिनेमा आहे तसा जाईल. जिन्यासकट, डागांसकट. काका म्हणाले तसा. लोकांना भुताला घाबरू दे, ते त्याचसाठी येतात. हे घरचं आहे.”

संकलकाचं मत झालं होतं. धाकटा वितरकाला फोन करायला बाहेर गेला. भाची मात्र काचेसमोरून हलेना.

थोरलीनं फीत गुंडाळून डब्यात ठेवली. मग खुर्चीवर चढता येणार नाही म्हणून भाचीला फळीवरची बाहुली काढून द्यायला सांगितली. वेणीची गाठ सत्तर वर्षांची होती, नखांनी सुटेना, तेव्हा तिनं दातांनी सोडवली. दोरा आतल्या बाजूला अजून लालभडक होता. तो तिनं डब्याभोवती गुंडाळला, दोन गाठी मारल्या आणि डबा काकांच्या मांडीवर ठेवला.

“बघून घ्या काका,” ती म्हणाली. “नीट बांधलाय ना?”

काकांनी अंगठ्यानं एक गाठ चाचपली, मग दुसरी.